घराघरांतला न दिसणारा हप्ता

(युवा अभ्यास शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



मी विम्याच्या अर्थशास्त्रावर संशोधन करते आणि व्हायोलिन वाजवते. संयोजकांनी या दोन्हींवर मिळून बोलायला सांगितलं आहे. आमच्या नात्यातले एक चाचा मला नेहमी चिडवतात, ‘बेटा, आयुष्यात दोनच गोष्टी निवडल्यास आणि दोन्ही वादातल्या निवडल्यास!’ त्यांचं चुकीचं नाही. विमा हराम आहे का आणि संगीत हराम आहे का, हे दोन प्रश्न आपल्या घरांमध्ये हमखास निघतात. त्यांच्याकडे मी येणार आहे. पण त्याआधी तिसरा एक प्रश्न विचारायचा आहे, जो आपल्याकडे जवळजवळ कुणीच विचारत नाही. घरावर संकट आलं की त्याची किंमत घरातलं कोण भरतं?

कमावता माणूस आजारी पडला, दुकानाला आग लागली, पूर आला, यंत्रमाग दोन महिने बंद राहिले. अशा वेळी पैसा कुठून तरी येतोच. अम्मीचे दागिने गहाण पडतात. मामूंकडून उसने घेतले जातात. भिशीचा नंबर आधी मागून घेतला जातो. हे सगळं दिसतं आणि लक्षातही राहतं. पण आणखी काही गोष्टी त्याच काळात गुपचूप घडतात. बहिणीचं कॉलेज ‘या वर्षापुरतं’ थांबतं. भाऊ बारावीनंतर गॅरेजमध्ये जातो. घरात कुणी चित्रं काढत असेल, कुणी खेळत असेल, कुणी वाद्य शिकत असेल, तर तो खर्च पहिल्याच आठवड्यात बंद होतो. या गोष्टींची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. मी याला न दिसणारा हप्ता म्हणते. आपण विमा काढत नाही म्हणून हप्ता भरत नाही, असं आपल्याला वाटतं. खरं तर हप्ता भरला जातो. फक्त तो घरातल्या सगळ्यात कमी आवाज असलेल्या माणसाकडून वसूल होतो.

शिरापूर आणि कान्झरा

हे मी भावनेच्या भरात बोलत नाही. याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन गावांनी जगाला दिला आहे. हैदराबादजवळ इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. १९७५ पासून या संस्थेने काही खेड्यांमध्ये माणसं ठेवून घराघरांच्या बारीक नोंदी घेतल्या. त्यात सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर होतं, अकोला जिल्ह्यातलं कान्झरा होतं आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या महबूबनगर जिल्ह्यातलं औरेपल्ली होतं. प्रत्येक गावात ४० घरं निवडली होती. त्यात भूमिहीन होते, लहान शेतकरी होते, मध्यम आणि मोठेही होते. कोणी किती कमावलं, काय खाल्लं, काय विकलं, किती दिवस आजारी होतं, हे सगळं वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. विम्याच्या अर्थशास्त्रात या गावांची नावं आज जगभर माहीत आहेत.

रॉबर्ट टाउनसेंड या अर्थशास्त्रज्ञांनी १९९४ साली याच नोंदींवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांचा प्रश्न साधा होता. एखाद्या घराचं उत्पन्न पडलं, तर त्या घराचं खाणंपिणंही तेवढंच पडतं का? उत्तर आलं, की तेवढं पडत नाही. घराचा खर्च स्वतःच्या कमाईपेक्षा गावाच्या सरासरी खर्चाबरोबर जास्त हलतो. याचा अर्थ असा, की लोक एकमेकांना सावरून घेत होते. उसनवारी, देणीघेणी, नातीगोती हाच त्यांचा विमा होता. कागद नव्हता, एजंट नव्हता, पण विमा होता.

हे ऐकून आपल्याला बरं वाटतं. आपल्या मोहल्ल्यातही हेच चालतं. मय्यत झाली तर तीन दिवस त्या घरात चूल पेटवायची वेळ येत नाही, शेजारून जेवण येतं. कुणाचं ऑपरेशन असेल तर जुम्याच्या नमाजनंतर वर्गणी निघते. जकात आहे, भिशी आहे. पण त्याच निबंधात दोन गोष्टी अशा आहेत, ज्या आपण नीट ऐकायला हव्यात.

पहिली गोष्ट अशी. घराचा खर्च गावाच्या सरासरीबरोबर हलतो, याचा दुसरा अर्थ असा, की गावाची सरासरीच खाली आली तर सगळेच खाली येतात. शेजारी शेजाऱ्याला कधी सावरू शकतो? तो स्वतः उभा असेल तेव्हा. १९७२ च्या दुष्काळात सगळं गाव एकदमच कोरडं पडलं होतं. २०२० च्या टाळेबंदीत सगळ्या मोहल्ल्याचे हात एकदमच रिकामे झाले. मालेगावात किंवा भिवंडीत यंत्रमाग थांबले, तर कारागीर, चहावाला, बेकरीवाला आणि रिक्षावाला एकाच आठवड्यात अडचणीत येतात. भिशीतले बाराही जण एकाच धंद्यातले असतील, तर मंदीच्या महिन्यात बाराही जणांना नंबर हवा असतो आणि भरायला कुणाकडेच पैसा नसतो.

दुसरी गोष्ट याहून बोचरी आहे. तीन गावांपैकी एका गावात भूमिहीन घरांना शेजाऱ्यांइतकं संरक्षण मिळत नव्हतं. आपसातली मदत ही परतफेडीच्या भरवशावर चालते. ज्याच्याकडे परत द्यायला काही नाही, तो हळूहळू या वर्तुळाच्या बाहेर पडतो. आपल्याकडे तलाकशुदा बाईला, विधवेला, बाहेरगावाहून आलेल्या मजुराला विचारून पाहा. मोहल्ल्याची मदत त्यांच्यापर्यंत किती वेळा पोहोचली आणि किती वेळा ती सदका म्हणून, मान खाली घालायला लावून पोहोचली?

याच गावांच्या नोंदींवर पुढे आणखी काम झालं. जॅकोबी आणि स्कूफियास यांनी १९९७ साली दाखवलं, की घराचं उत्पन्न डळमळलं की मुलांची शाळेतली हजेरी घटते. म्हणजे मुलाची शाळा हाच त्या घराचा विमा होता. रोझेनझ्वाइग आणि वोल्पिन यांनी १९९३ साली दाखवलं, की वाईट वर्षी शेतकरी बैल विकतो. त्या वर्षी घर खातं, पण पुढच्या वर्षी शेत नांगरायला बैल नसतो. आणि रोझेनझ्वाइग आणि स्टार्क यांचा १९८९ चा निबंध तर प्रत्येक मुलीने समजून घ्यावा असा आहे. ज्या घरांचं शेतीचं उत्पन्न जास्त बेभरवशाचं होतं, ती घरं आपल्या मुलींची लग्नं जास्त लांबच्या गावांत करत होती. कारण लांबच्या गावात पाऊस वेगळा पडतो. इथे दुष्काळ पडला तर तिकडच्या सोयरिकीकडून मदत येते. मुलगी कुठे नांदणार हे ठरवताना पावसाचा हिशेबही त्यात असतो, आणि हे त्या मुलीला कोणी सांगत नाही. न दिसणारा हप्ता म्हणतात तो हाच.

खंड न सोसणाऱ्या गोष्टी

आता व्हायोलिनकडे येते.

व्हायोलिनला पडदे नसतात. सतारीला असतात, गिटारला असतात. तिथे बोट कुठे ठेवायचं याची खूण वाद्यावरच असते. व्हायोलिनवर ती खूण तुमच्या हातात आणि कानात तयार व्हावी लागते. बोट जरासं सरकलं तरी सूर ढळतो. म्हणून पहिली काही वर्षं शिकणाऱ्यालाही त्रास होतो आणि शेजाऱ्यांनाही! या वर्षांत हातात काहीच पडत नाही. कमाई नाही, टाळ्या नाहीत. आणि मध्ये दोन वर्षं खंड पडला, तर कमावलेलं बरंचसं निसटून जातं.

माझा हात टिकला, कारण माझ्या शिकण्यात खंड पडला नाही. यात माझं कर्तृत्व थोडं आणि दुसरंच काही जास्त आहे. माझ्या अब्बांची नोकरी कायम होती. दवाखान्याचा खर्च नोकरीतून मिळत असे. घरात आजारपणं आली, मोठीसुद्धा आली, पण त्यांची झळ माझ्या क्लासच्या फीपर्यंत पोहोचली नाही. माझ्याबरोबर शिकणारी एक मुलगी माझ्याहून चांगली वाजवायची. तिच्या वडिलांचं छोटं दुकान होतं. त्यांना अपघात झाला आणि तिचा क्लास सुटला. नंतर दुकान सावरलं, वडीलही बरे झाले. ती मात्र परत आली नाही. आमच्या दोघींच्या गळ्यातल्या किंवा बोटांतल्या सुरात फरक नव्हता. फरक होता तो एका बापाकडे असलेल्या आणि दुसऱ्याकडे नसलेल्या संरक्षणाचा.

संकट तात्पुरतं असतं, पण ते काही गोष्टी कायमच्या मोडून जातं. हाड जुळतं, दुकान परत उघडतं. पण नववीतून काढलेली मुलगी दोन वर्षांनी त्याच वर्गात परत बसत नाही. विकलेला बैल पेरणीच्या वेळी परत येत नाही. शिक्षण, कला, संशोधन, नवा धंदा, या सगळ्या गोष्टींना सलग वेळ लागतो आणि खंड सोसत नाही. म्हणून मी म्हणते, विमा हा फक्त पोटाचा प्रश्न नाही. पोटासाठी माणूस कसाही मार्ग काढतो. पोटापलीकडचं जे काही माणसाला माणूस म्हणून मोठं करतं, ते संकटात पहिल्यांदा विकलं जातं. विम्याची खरी गरज त्याला आहे.

आपल्याकडे संगीत ही काही परकी गोष्ट नाही. मिरजेला जाऊन पाहा. तिथल्या शिकलगार कुटुंबांचा मूळ धंदा हत्यारांना धार लावण्याचा. ते हात पुढे सतार आणि तंबोऱ्याकडे वळले, आणि आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले. मैहरचे अल्लाउद्दीन खाँसाहेब सरोदिये म्हणून प्रसिद्ध आहेत, पण ते व्हायोलिनही वाजवत. वि. गो. जोग हे व्हायोलिनवादक त्यांच्याकडेही शिकले. याच खाँसाहेबांनी मैहरमध्ये साथीच्या रोगात अनाथ झालेल्या मुलांना गोळा करून वाद्यं शिकवली आणि त्यातून मैहर बँड उभा राहिला. आईबाप गेलेल्या मुलांच्या हातात सूर देणारा तो नमाजी माणूस होता. संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, ते शतकांपासून आहेत. इमाम गझालींनी आपल्या ग्रंथात समाची, म्हणजे ऐकण्याची, बाजू मांडली आहे, इतरांनी विरोध केला आहे. तुम्ही तुमचं मत बनवा. पण ‘आपल्यात हे नव्हतंच’ असं कुणी म्हणालं, तर त्याला मिरजेचं तिकीट काढून द्या.

मिरजेचा कारागीर हा माझ्या विषयाचंही उदाहरण आहे. तंबोऱ्याचा भोपळा सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूरकडच्या शेतांतून येतो. तिकडे पाऊस बिघडला की भोपळा बिघडतो. भोपळा वाळायला, लाकूड मुरायला वेळ लागतो, म्हणजे भांडवल अडकून पडतं. सांगली-मिरज परिसराने २०१९ चा महापूर पाहिला आहे. दुकानात ठेवलेलं तयार वाद्य पाण्यात गेलं, तर कारागिराची महिन्यांची मेहनत जाते. अशा घरातल्या मुलाने बापाचा धंदा सोडून पगाराची नोकरी पत्करली, तर त्याला दोष कसा द्यायचा? कला मरते तेव्हा ती दरवेळी लोकांनी नाकारल्यामुळे मरत नाही. पुष्कळदा एका वाईट वर्षामुळे मरते.

हलाल-हराम आणि हिशेब

आता चाचांच्या प्रश्नाकडे. मी आलिमा नाही, फतवा देत नाही. पण आक्षेप काय आहेत आणि विमा प्रत्यक्षात चालतो कसा, एवढं मी सांगू शकते.

आक्षेप तीन आहेत. एक गरर, म्हणजे करारातली अनिश्चितता. दुसरा मैसिर, म्हणजे जुगार. तिसरा रिबा, म्हणजे व्याज, कारण कंपनी पैसा व्याजावर गुंतवते. हे आक्षेप विचारपूर्वक घेतलेले आहेत, त्यांची टिंगल करू नये. दमिश्कचे फकीह इब्न आबिदीन यांनी एकोणिसाव्या शतकातच समुद्री विम्यावर लिहिलं होतं. विसाव्या शतकात मुस्तफा जरका यांच्यासारख्या मोठ्या विद्वानाने विमा जायज ठरवला. १९८५ साली जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने व्यापारी विम्याला नाजायज आणि सहकारी विम्याला जायज म्हटलं. त्याआधीच १९७९ साली सुदानमध्ये इस्लामी विमा कंपनी निघाली होती आणि १९८४ साली मलेशियाने तकाफुलचा कायदा केला होता. म्हणजे या प्रश्नावर एकच उत्तर नाही. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे. लोकांनी मिळून एकमेकांचं नुकसान वाटून घेणं चांगलं आहे. मदिनेच्या करारनाम्यात प्रत्येक टोळीने आपल्या माणसावर पडलेली खूनभरपाई मिळून भरावी, असं कलम होतं. आणि तो करार फक्त मुसलमानांचा नव्हता, त्यात मदिनेचे ज्यू कबिलेही होते. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण तर आपण लहानपणापासून ऐकतो.

आता जुगाराच्या आक्षेपाचा हिशेब करू. समजा, १,००० रिक्षावाले आहेत. अनुभवावरून माहीत आहे, की वर्षाला त्यातल्या पाच जणांना मोठा अपघात होतो आणि प्रत्येकाला २ लाखांचा खर्च येतो. एकूण खर्च १० लाख. प्रत्येकाने वर्षाला १,००० रुपये काढले की काम भागतं. त्या पाचांमध्ये कोण असेल हे कुणालाच माहीत नाही, पण पाच असतील हे जवळजवळ नक्की आहे. जुगारात नसलेला धोका आपण मुद्दाम तयार करतो. इथे धोका आधीच डोक्यावर आहे, आपण तो फक्त वाटून घेतो. विमा न काढणारा रिक्षावाला जुगारापासून लांब राहतो असं नाही. तो रोज सकाळी आपलं घर पणाला लावून बाहेर पडतो.

या हिशेबाला एक अट आहे आणि ती माझ्या विषयाचा गाभा आहे. हजारातले फक्त आजारी, फक्त धोक्यातलेच लोक पुढे आले, तर हप्ता वाढतो. हप्ता वाढला की धडधाकट माणूस बाहेर पडतो. मग हप्ता आणखी वाढतो, आणि शेवटी योजनाच बुडते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हे समजावलं. वय झालेल्या माणसांना आरोग्य विमा मिळणं का अवघड जातं, हेही त्यांनी त्याच निबंधात सांगितलं. म्हणून विमा आजार आल्यावर काढायची गोष्ट नाही. तुम्ही तरुण आहात, धडधाकट आहात, तेव्हाच तुम्ही त्यात असलं पाहिजे. तुमच्यासाठीही आणि तुमच्या आजूबाजूच्या म्हाताऱ्यांसाठीही.

दुसरी अट अशी, की सगळ्यांवर एकाच वेळी संकट येऊ नये. म्हणजे वर्तुळात वेगवेगळ्या गावांचे, वेगवेगळ्या धंद्यांचे, वेगवेगळ्या जातिधर्मांचे लोक हवेत. शिरापूरचा शेतकरी, मालेगावचा कारागीर, रत्नागिरीचा मच्छीमार आणि पुण्याची नर्स एका वर्तुळात असतील, तर एकाच्या वाईट वर्षी दुसऱ्याचं वर्ष बरं असतं. मला यातली ही बाजू फार मोलाची वाटते. विमा हा अनोळखी माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द आहे. ज्याचं नाव, धर्म, भाषा मला माहीत नाही, त्याच्या आजारपणात माझे चार पैसे जातात आणि माझ्या आजारपणात त्याचे येतात. आपण या चळवळीत नागरिकत्व हा शब्द वारंवार वापरतो. त्याचं रोजच्या व्यवहारातलं रूप हे असं असतं. फक्त आपल्यातल्या आपल्यात सावरून घेण्याने मोहल्ला तगतो, पण पुढे जात नाही.

भरवसा कुठून येतो?

मग लोक विमा का घेत नाहीत? आंध्र प्रदेश आणि गुजरातमधल्या खेड्यांत पावसाच्या विम्यावर मोठा अभ्यास झाला. शॉन कोल आणि सहकाऱ्यांनी तो २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यात दिसलं, की किंमत कमी केली की मागणी वाढते, हातात रोख असेल तर वाढते, आणि गावाच्या ओळखीच्या, भरवशाच्या माणसाने ‘हे घेण्यासारखं आहे’ असं सांगितलं तरी वाढते. म्हणजे कारणं सरळ आहेत. पैसा ऐन वेळी हातात नसतो आणि कंपनीवर भरवसा नसतो.

हा अविश्वास उगाच नाही. जास्त कमिशन मिळतं म्हणून बचत आणि विमा एकत्र असलेली महागडी पॉलिसी गळ्यात मारणारे एजंट आहेत. इंग्रजीत छापलेल्या अटी आहेत. क्लेम फेटाळणाऱ्या कंपन्या आहेत. त्यातून सच्चर समितीने दाखवलं आहे, की मुसलमानांमध्ये स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे. म्हणजे ईएसआय, भविष्य निर्वाह निधी असं जे संरक्षण नोकरीबरोबर आपोआप मिळतं, ते आपल्या पुष्कळ घरांत पोहोचतच नाही. म्हणून यातला काही भाग सरकारकडे मागायचा आहे, हक्काने मागायचा आहे. सार्वजनिक दवाखाना चांगला चालणं हाही विमाच आहे, आणि तो सगळ्यात स्वस्त विमा आहे. खासगी पॉलिसीने तो प्रश्न सुटत नाही.

पण तोवर हातात जे आहे, ते वापरायला शिकू. घरी गेल्यावर ही कामं करा.

आधी घरातल्या सगळ्यांची पासबुकं काढा. वर्षातून एकदा ४३६ रुपये किंवा २० रुपये कापलेले दिसतात का पाहा. ४३६ रुपयांची प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे, १८ ते ५० वयात ती घेता येते आणि माणसाच्या मृत्यूनंतर वारसाला २ लाख रुपये मिळतात. २० रुपयांची सुरक्षा विमा योजना आहे, १८ ते ७० वयासाठी, अपघाती मृत्यू झाल्यास २ लाख. पैसे आपोआप कापले जातात, त्यामुळे माणूस गेल्यावर घरच्यांना कळतच नाही की आपला हक्क आहे. नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे, तेही पाहा. नाव नसेल तर बँकेत जाऊन घाला.

नंतर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत कार्ड. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय त्यात आहे, पण ठरावीक उपचारांसाठी आणि ठरावीक रुग्णालयांतच. तुमच्या गावाजवळचं असं रुग्णालय कोणतं, हे आजच शोधून ठेवा. तिथे ‘आरोग्यमित्र’ असतो, त्याला भेटा. ॲम्ब्युलन्समध्ये बसल्यावर ही चौकशी होत नाही.

घरात दुकान, बेकरी, कारखाना, वर्कशॉप असेल तर छोट्या उद्योगांसाठीची ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसी पाहा. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ आहे. आग आणि पुराबरोबर दंगल, संप आणि मुद्दाम केलेली नासधूस यांतलं नुकसानही त्यांत येतं. दंगलीत दुकान जळालं आणि हातात कागदाचा एक तुकडा नव्हता, अशी घरं आपल्या ओळखीत आहेत. मालाच्या पावत्या आणि फोटो जपून ठेवा, घराबाहेर दुसऱ्या ठिकाणीही एक प्रत ठेवा.

आणि पॉलिसी घेताना घाई करू नका. जीवन किंवा आरोग्य पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. फॉर्ममध्ये जुना आजार लपवू नका. एजंट म्हणाला ‘लिहू नका, चालतं’, तरी लिहा, कारण क्लेमच्या वेळी तो एजंट समोर नसतो. क्लेम अन्यायाने नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, वकील लागत नाही, फी लागत नाही.

त्या अभ्यासातला ओळखीचा, भरवशाचा माणूस आठवा. तुमच्या मोहल्ल्यात तो माणूस तुम्ही होऊ शकता. शिकलेले आहात, मराठीतून आणि हिंदी-उर्दूतून समजावू शकता, तुम्हाला कमिशन नको आहे. प्रत्येकाने दहा घरांची पासबुकं पाहिली आणि दहा नॉमिनींची नावं भरून घेतली, तरी या शिबिराचं चीज झालं.

शेवटी मुलींना वेगळं सांगते. पुढच्या वेळी घरात पैशाची अडचण आली आणि तुमचं कॉलेज ‘या वर्षापुरतं’ थांबवायची गोष्ट निघाली, तर रडू नका, भांडूही नका. वही घेऊन अम्मी-अब्बांच्या शेजारी बसा. विचारा, की हा खर्च कुठून भरायचा याचे किती मार्ग आहेत, आणि त्या यादीत माझं शिक्षण सगळ्यात वर का आहे? आणि मुलग्यांनो, तुमच्या बहिणीला हा प्रश्न एकटीला विचारावा लागू नये. वही तुम्ही आणा.